चोक आत गेला, पण जेट परत आला का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय याची खात्री होईल. गाडी आजोबांची, अ‍ॅम्बॅसडर मार्क ३, १९७७ची. नाशिकच्या थंडीत पहाटे चोक पूर्ण ओढल्याशिवाय चालू होत नाही. सुरुवातीला तक्रार एवढीच होती की काळा धूर यायचा, पेट्रोलचा वास यायचा आणि प्लग काळे पडायचे. एका मेकॅनिकने मिक्श्चर ‘बारीक’ करून दिलं, म्हणजे हवेत मिसळणारं पेट्रोल कमी केलं. धूर कमी झाला, पण तेव्हापासून चोक आत ढकलला की इंजिन बंद पडतं. मग तुम्ही चोक अर्धा ओढूनच गाडी चालवायला लागलात, आणि धूर परत आला. आता दुसरा मेकॅनिक म्हणतो की हा कार्बोरेटर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिक्श्चर करणारा भाग, टाकून द्या, मी दुसरा बसवतो. आणि तुम्ही विचारताय, चोक नेमका किती ठेवायचा, कसा सेट करायचा आणि कार्बोरेटर खरंच बदलायचा का.

चोक किती ठेवायचा याचं उत्तर सोपं आहे. इंजिन गरम झाल्यावर शून्य. तापलेल्या इंजिनाला चोक लागत असेल तर दोष चोकच्या सेटिंगमध्ये नाही, तो दुसरीकडे कुठेतरी आहे आणि चोक त्यावर पांघरूण घालतोय. तुमच्या गाडीत तर दोन उलट्या तक्रारी एकत्र दिसतात. चोक आत टाकला की इंजिन उपाशी राहतं, अर्धा ठेवला की त्याला अजीर्ण होतं. माझा अंदाज असा की मूळ दोष एकच होता आणि दुसरा त्याच्यावरच्या उपचारातून आला. तो अंदाज कसा बांधला हे सांगतो. पटला तर त्याच क्रमाने गाडी तपासा.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी गाडी पाहिलेली नाही, फोटो पाहिलेत. फोटोत एसयू कंपनीचा कार्बोरेटर दिसतोय, एचएस प्रकारचा. बाजूला पेट्रोल साठवणारी फ्लोटची वाटी आणि तिच्यातून खाली जेटकडे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या भोकाकडे, जाणारी नायलॉनची बारीक नळी, यावरून तो लगेच ओळखता येतो. पुढे जे लिहितोय ते या कार्बोरेटरसाठी आहे. काही अ‍ॅम्बॅसडरवर सोलेक्स बसवलेला असतो, त्याची रचना निराळी. तुमच्या इंजिनाची कॉम्प्रेशन कशी आहे, व्हॉल्व्ह बसतात की नाही, पॉइंट कधी बदलले, हेही मला माहीत नाही. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिमी आणि प्लगची गॅप ०.६ मिमीच्या आसपास आहे एवढं आधी बघून घ्या. करंट कमजोर असताना कार्बोरेटरशी खेळत बसलं तर दिवस वाया जातो. माझे सुरुवातीच्या वर्षांत असे पुष्कळ दिवस वाया गेले आहेत.

आता एसयूचं तंत्र. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की बाकीचं आपोआप कळतं. बहुतेक कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे हवेच्या तोंडावरची झडप. ती मिटली की हवा कमी आणि पेट्रोल जास्त. एसयूत अशी झडप नसतेच. वर घुमटासारखं जे झाकण दिसतं त्याच्या आत एक पिस्टन वरखाली होतो. इंजिन जितकी हवा मागेल तितका तो उचलला जातो. पिस्टनच्या तळाला टोकाकडे निमुळती होत गेलेली नीडल असते आणि ती खालच्या पितळी जेटच्या भोकात उतरलेली असते. पिस्टन वर गेला की नीडलचा बारीक भाग जेटमध्ये येतो, भोवतीची फट वाढते आणि पेट्रोल जास्त येतं. चोक ओढल्यावर हवेच्या वाटेत काहीच बदल होत नाही. फक्त जेट खाली सरकतो. नीडल जागेवर आणि जेट खाली, म्हणजे पुन्हा फट वाढली. तारेच्या ओढीतला अगदी पहिला भाग, साधारण ६ मिमी, जेटला हात लावत नाही. तेवढ्यात फक्त एक कॅम फिरतो आणि इंजिनचा वेग थोडा वाढवतो. त्यापुढे ओढलं की जेट उतरायला लागतो.

या कल्पनेचं पेटंट १९०५च्या सुमारास इंग्लंडमधल्या स्किनर भावांपैकी एकाने घेतलं; एसयूतला ‘एस’ तो स्किनरचाच. घरचा धंदा जोड्यांचा. म्हणून पहिल्या कार्बोरेटरमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. मी कोल्हापूरचा, त्यामुळे चामड्याच्या या गोष्टीबद्दल मला विशेष आपुलकी आहे. पण ती सांगण्याचं कारण वेगळं आहे. भात्यासारखी उघडमीट हाच या यंत्राचा जीव आहे. त्यातला कुठलाही हलणारा भाग अडकला की सगळं बिघडतं.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. चोक आत ढकलल्यावर जेट परत वर यायला हवा. तो आला नाही, अर्धवट अडकला, तर डॅशबोर्डवर चोक बंद दिसतो आणि बॉनेटखाली चालूच असतो. काळा धूर, वास, काळे प्लग, ही तुमची सुरुवातीची तिन्ही लक्षणं यात बसतात. मेकॅनिकने धूर पाहिला, मिक्श्चर जाड, म्हणजे पेट्रोल जास्त आहे असं ठरवलं आणि खालचा नट वर फिरवून पेट्रोल कमी केलं. जेट कुठे अडकलाय हे पाहिलं नाही. त्यामुळे ज्या दिवशी जेट नीट वर जातो त्या दिवशी इंजिनाला पेट्रोल पुरत नाही आणि ते बंद पडतं. ज्या दिवशी जेट अडकतो त्या दिवशी ते धूर टाकत चालतं. आठवून बघा, काही दिवस गाडी चोकशिवाय बरी चालते आणि काही दिवस अजिबात नाही, असं होतं का? होत असेल तर माझा अंदाज जवळजवळ पक्का समजा.

तपासायला दहा मिनिटं लागतात आणि दोन माणसं. इंजिन थंड असू द्या, इग्निशन बंद. एअर फिल्टर काढा. एकाने आत बसून चोक पूर्ण ओढायचा आणि दुसऱ्याने कार्बोरेटरच्या खाली टॉर्च मारून बघायचं. जेटचं टोक आणि त्याला चिकटलेली नायलॉनची नळी खाली उतरताना स्पष्ट दिसते. आता आतल्या माणसाला चोक हळू आत ढकलू दे. जेट नॉबबरोबर वर येतो का? शेवटपर्यंत येतो का? नॉब पूर्ण आत गेल्यावर खालून जेटला बोटाने वर दाबा. तो थोडा जरी वर सरकला तर चोर सापडला.

हीच परीक्षा चालत्या इंजिनावर आणखी बोलकी असते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे निपाणीहून एका डॉक्टरांची अ‍ॅम्बॅसडर आली. तीन ठिकाणी दाखवून झाली होती, प्लगचे दोन सेट बदलून झाले होते. गरम इंजिन धडधडत होतं, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरलेली. मी काही न उघडता हात खाली घातला आणि जेट अंगठ्याने वर ढकलला. तो दोन-तीन मिमी वर गेला, ‘टिक्’ असा बारीक आवाज झाला आणि त्या क्षणी इंजिनचा सूर बदलला. थडथड थांबली, वेग चढला, धूर विरला. अंगठा काढला तरी जेट वरच राहिला. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? म्हटलं, तुमचा चोक बंद केला. ते म्हणाले, तो तर बंदच होता. गोंधळ नेमका इथेच होतो. नॉब आत गेला म्हणजे चोक बंद झाला, असं आपण धरून चालतो.

त्या गाडीत जेट का अडकत होता? दोन कारणं एकमेकांना हात देत होती. चोकची मूळ तार एका जाड, ताठ, अखंड तारेची असते. ती ओढताही येते आणि ढकलताही येते. कधीतरी ती तुटली आणि कोणीतरी तिच्या जागी स्कूटरच्या ब्रेकची वायर घातली होती, बारीक तारांच्या पिळाची. तिच्याने ओढलं जातं, पण ढकलताना ती आत वाकते. अशा वेळी जेटला परत आणायचं सगळं ओझं कार्बोरेटरवरच्या छोट्या स्प्रिंगवर पडतं. त्यातच जेटच्या अंगावर जुन्या पेट्रोलचा डिंक सुकलेला. बिचारी स्प्रिंग कुठवर पुरणार? म्हणून तुमचीही वायर आधी बघा. पिळाची असेल तर बदला. ताठ तारेचा चोक केबल जुन्या बाजारात किंवा स्पेअरवाल्याकडे मिळतो, आणि मिळेपर्यंत निदान जेटच्या लिव्हरची रिटर्न स्प्रिंग जागेवर आणि ताणलेली आहे याची खात्री करा. बऱ्याच गाड्यांत ती नसतेच. कधीतरी उडाली आणि कोणाच्या लक्षात आली नाही.

मग जेट स्वच्छ करायचा. लिव्हरची पिन काढली की जेट नळीसकट खाली येतो. त्याआधी फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काढून घ्या आणि बॅटरीची वायर सोडून ठेवा. या इंजिनात कार्बोरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसतो. गरम लोखंडावर पेट्रोल सांडलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून इंजिन पूर्ण थंड करा, जवळ कोणी बिडी-सिगारेट ओढणारं नको, आणि आग विझवायचा सिलिंडर नसेल तर वाळूची बादली तरी हाताशी हवी. मी गंमत म्हणून सांगत नाही. पेटलेली गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे.

जेटचं पितळ स्वच्छ कापडाने आणि थिनरने पुसा. पॉलिश पेपर लावू नका. हेच वरच्या पिस्टनला आणि घुमटालाही लागू आहे. ते दोन भाग एकमेकांसाठी जुळवून दिलेले असतात, एका कार्बोरेटरचा घुमट दुसऱ्याला चालत नाही, आणि घासले की त्यांच्यातली बारीक फट मोठी होते. शिकाऊ असताना मी एक पिस्टन चकचकीत करून दिला होता. उस्तादांनी तो हातात घेतला, काही बोलले नाहीत, कपाटातून दुसरा जोड काढून बसवला. त्या काळात त्या जोडाची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. तेव्हापासून पेट्रोल, थिनर आणि सुती कापड, एवढंच माझं सामान.

नायलॉनची नळीही हातात घेऊन बघा. जुनी झाली की ती ताठ होते आणि जेटला एका बाजूला ओढत राहते. वाकवल्यावर तडकल्यासारखी वाटली किंवा खालच्या बाजूला ओल दिसली तर जेट नळीसकट नवा घ्या. चोक ठीक असूनही पेट्रोलचा वास जात नाही अशा निम्म्या गाड्यांत गळती इथेच सापडते. उरलेल्या निम्म्यांत फ्लोटच्या वाटीतली नीडल व्हॉल्व्ह कचरा अडकून उघडी राहिलेली असते आणि जेटच्या तोंडातून पेट्रोल सतत वाहत असतं. त्यासाठी फिल्टर काढलेल्या तोंडातून आत बघा. पंप चालू असताना जेटच्या तोंडाशी पेट्रोल उभं राहून ओघळत असेल तर चोकचं काहीही केलं तरी उपयोग नाही.

जेट परत बसवल्यावर एक आवाज ऐका. पिस्टन बोटाने वर उचलून सोडा. तो खाली पडताना धातूवर धातू आपटल्याचा स्पष्ट ‘टक्’ यायला हवा. आधी जेट पूर्ण वर असताना, मग चोक ओढून जेट खाली असताना, असा दोनदा ऐका. दोन्ही वेळा सारखा आला तर उत्तम. जेट खाली असताना टक् येतो पण वर असताना पिस्टन मऊ, घासत उतरतो, तर नीडल जेटच्या कडेला घासतेय. जेट मध्यावर आणायला हवा. ते काम पुस्तक वाचून पहिल्यांदा करण्यासारखं नाही, कोणाच्या तरी हाताखाली बसून एकदा बघा.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं की मगच मिक्श्चरला हात लावायचा. तोही चोकची तार कार्बोरेटरवरून सोडून, म्हणजे नॉबचा काही संबंधच उरत नाही. तुमचं मिक्श्चर कोणीतरी अंदाजाने फिरवलेलं आहे, तेव्हा शून्यापासून सुरुवात करा. जेटखालचा षटकोनी नट पूर्ण वर चढवा, जेटचं तोंड वरच्या ब्रिजशी, म्हणजे हवेच्या वाटेतल्या उंचवट्याशी, सपाट येईपर्यंत. तिथून तो दोन पूर्ण फेरे खाली घ्या, म्हणजे नटाच्या १२ बाजू. नट खाली म्हणजे मिक्श्चर जाड, वर म्हणजे बारीक. या सुरुवातीच्या सेटिंगवर गाडी चालू होते. मग इंजिन खरोखर गरम होऊ द्या. पाच मिनिटं उभी करून नव्हे, आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा.

आता कार्बोरेटरच्या अंगाला खालून जी छोटी पिन असते ती बोटाने हळूच दाबा, म्हणजे पिस्टन जेमतेम उचलला जाईल. एक मिलिमीटरपेक्षाही कमी, ०.८ मिमी. पिन नसेल तर बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचला. आणि कान द्या. इंजिनचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिक्श्चर जाड. वेग लगेच पडून इंजिन मरायला लागलं तर बारीक. क्षणभर किंचित वाढून पुन्हा पूर्ववत झाला तर बरोबर. नट एका वेळी एकच बाजू फिरवा, म्हणजे एक षष्ठांश फेरा, आणि प्रत्येक वेळी थोडं रेस करून पुन्हा ऐका. तुमच्या गाडीत नट पुष्कळ वर चढवलेला सापडेल अशी माझी अपेक्षा आहे.

दोन गोष्टी या हिशेबात थोडाफार फरक करतात. एक, उंची. नाशिक आणि कोल्हापूर दोन्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर. तुम्ही आणि मी जे सेट करतो ते मुंबईत थोडं बारीक पडेल आणि महाबळेश्वरला, १३०० मीटरच्या वर, थोडं जाड. त्यासाठी दर वेळी नट फिरवायची गरज नाही, पण घाटात धूर दिसला तर घाबरू नका. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आजचं पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर तेच इंजिन बारीक चालायला लागतं. शिवाय इथेनॉल थंडीत सहज वाफ धरत नाही, म्हणून पहाटे गाडी पूर्वीपेक्षा जास्त कुरकुर करते. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत मी हल्ली नट एक ते दोन बाजू जास्त खाली ठेवतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि वाटीच्या तळाशी पांढरट, चिकट साका धरतो. जेट अडकवणारा डिंकही बऱ्याचदा उभ्या राहिलेल्या गाडीतच तयार होतो. आजोबांची गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवा.

एवढं करूनही गरम इंजिन चोकशिवाय मरत असेल तर बाहेरून हवा घुसतेय. मॅनिफोल्डचं पॅकिंग, कार्बोरेटरच्या मागचं पॅकिंग, आणि या गाड्यांत हमखास, थ्रॉटलचं स्पिंडल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेची दांडी. पन्नास वर्षांत ते आपल्या भोकात घासून सैल होतं. स्पिंडलचं टोक चिमटीत धरून वरखाली हलवा. खुळखुळत असेल तर तिथून हवा जाते, आणि ही हवा कुठल्याही स्क्रूने आवरत नाही. आमच्याकडे उद्यमनगरात लेथवाले बॉडीत भोक मोठं करून पितळी बुश बसवून देतात. एका दुपारचं काम. नाशिकला अंबड-सातपूरला लेथची काय कमतरता! पॅकिंग तपासायला मी साबणाचं पाणी ब्रशने लावतो. पाणी आत ओढलं गेलं आणि इंजिनचा आवाज बदलला की जागा कळते. काही जण पेट्रोल शिंपडतात. तुम्ही ते करू नका.

आणि घुमटावरची छोटी टोपी उघडून तेल बघायला विसरू नका. पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या वर साधारण १३ मिमीपर्यंत २० नंबरचं इंजिन ऑइल हवं. ते नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याबरोबर पिस्टन एकदम उडतो, हवा आधी जाते आणि गाडी अडखळते. कित्येक जण ही अडखळ घालवायला चोक ओढतात. चार थेंब तेलाची गोष्ट असते.

आता चोकची तार परत जोडा. नॉब पूर्ण आत असताना तारेला दीड मिमी सैल ठेवायची, म्हणजे कार्बोरेटरवरचा लिव्हर हलायच्या आधी तेवढी मोकळी ओढ मिळाली पाहिजे. घट्ट बांधलीत तर जेट कायम किंचित खाली राहील आणि सगळी मेहनत फुकट. मग कॅमवरचा फास्ट आयडलचा स्क्रू, म्हणजे थंड इंजिनाचा उभ्या गाडीतला वेग ठरवणारा. चोक आत असताना स्क्रू आणि कॅम यांच्यात बारीकशी फट हवी, ०.४ मिमी. गरम इंजिनावर नॉब एवढाच ओढा की कॅम फिरेल पण जेट उतरणार नाही, आणि त्या स्थितीत इंजिन मिनिटाला सुमारे १००० फेऱ्यांवर राहील असा स्क्रू लावा. मीटर नसेल तर कानाने. नेहमीच्या स्लोपेक्षा स्पष्ट जास्त, पण गाडी ओरडायला नको. हे जमलं की चोकचा खरा फायदा कळतो. पहाटे इंजिन पकडल्यावर मिनिटभरात जेट वर आणून फक्त कॅमवर गाडी ठेवता येते. पेट्रोल जास्त जात नाही आणि इंजिन मरतही नाही.

चालू करण्याची पद्धतही बदला, कारण तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की तुम्ही सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटर पंप करता. एसयूत अ‍ॅक्सिलरेटर पंप नसतोच, त्यामुळे इंजिन बंद असताना पाय हलवून काही पेट्रोल येत नाही. थंडीत चोक पूर्ण ओढा, पाय पेडलवर ठेवूच नका, सेल्फ पाच-सहा सेकंद. पकडलं की लगेच नॉब अर्ध्यावर. इंजिन स्थिर झालं की कॅमपुरता, आणि पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये पूर्ण आत. उन्हाळ्यात दुपारी बाजारातून परत आलात आणि गाडी चालू होत नाही, तर चोकला हात लावू नका. खाली तापलेला एक्झॉस्ट असतो, वाटीतलं पेट्रोल उकळून आधीच जास्त झालेलं असतं. पेडल अर्धं दाबून तसंच धरा आणि सेल्फ मारा.

अर्ध्या चोकवर तुम्ही किती महिने चाललात ते लिहिलेलं नाही. दोन-तीन महिने झाले असतील तर ऑइलची काठी काढून वास घ्या. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं. काठीवर तेल भरल्यापेक्षा वर चढलेलं दिसलं किंवा पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरच्या आधी ऑइल बदला. त्या पातळ तेलावर बेअरिंग टिकत नाहीत, आणि तो खर्च कार्बोरेटरच्या खर्चाच्या कितीतरी पट आहे.

कार्बोरेटर बदलण्याबद्दल माझं मत विचारलंत. बॉडीला तडा गेलेला नसेल तर बदलू नका. एसयूत हलणारे भाग मोजके, प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि घरी बसून समजून घेता येतो. दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर जुळवताना मॅनिफोल्डला मधला तुकडा लावावा लागतो, लिंकेज वाकवावी लागते, आणि ज्या सैल स्पिंडलने किंवा फुटक्या पॅकिंगने हा त्रास होतोय त्यातलं पॅकिंग तर जागेवरच राहतं. नवा कार्बोरेटरही मग चोक मागायला लागतो.

आधी बोटाची परीक्षा करा आणि मला तीन गोष्टी कळवा. जेट दाबल्यावर वर सरकला का. मिक्श्चरचा नट सपाटीपासून किती बाजू खाली सापडला, हे मोजूनच फिरवायला सुरुवात करा. आणि नव्या सेटिंगवर वीस किलोमीटर चालवून इंजिन बंद केल्यावर चारही प्लग कुठल्या रंगाचे निघाले. बिस्किटी असतील तर काम झालं. चारातला एकच काळा आणि बाकीचे बिस्किटी निघाले, तर कार्बोरेटरला काही करू नका, कारण तो चारही सिलिंडरना एकच मिक्श्चर देतो. त्या एका सिलिंडरची वायर आणि कॉम्प्रेशन बघावी लागेल, आणि त्याबद्दल मग वेगळं लिहितो.